ऑब्जेक्टच्या की-व्हॅल्यूवर लूप लावला की क्रम बदलतोय, नक्की कुठला लूप वापरायचा?

नवी_पाटी
नमस्कार मंडळी. जावास्क्रिप्ट शिकतेय, चार महिने झाले. ॲरेवरचे लूप आता न बघता लिहिता येतात पण ऑब्जेक्टवर लूप लावायची वेळ आली की दर वेळी अडखळते.

प्रकार असा आहे. सर्व्हरकडून मला जेसनमध्ये एक ऑब्जेक्ट येतो, रोल नंबर ही की आणि मार्क ही व्हॅल्यू. सर्व्हर बघणाऱ्या मुलाने मार्कांप्रमाणे लावूनच पाठवलंय, म्हणजे आधी १०५ ला ९१, मग २३ ला ८४, मग ७ ला ७९, पुढे असे साधारण साठ. मला फक्त ते तसंच्या तसं टेबलात टाकायचंय, पहिला आलेला वरती.

आधी सवयीने फॉर ऑफ लावला तर थेट टाइपएरर, म्हणे ऑब्जेक्ट इटरेबल नाही. मग फॉर इन लावला, तो चालला, पण टेबलात ७ सगळ्यात वर, मग २३, मग १०५. ऑब्जेक्ट डॉट कीज काढून फॉरईच केलं, तेच. ऑब्जेक्ट डॉट एंट्रीज केलं, तेच. दोन दिवस यातच गेले. एके ठिकाणी वाचलं फॉर इन वापरूच नका, दुसरीकडे लिहिलंय एंट्रीज हळू चालतं. मग क्रम टिकवणारा लूप नक्की कुठला?

दुसरी_ओळ
मोबाइलवरून लिहितोय त्यामुळे कोड शब्दांतच सांगतो, समजून घ्या.

आधी टाइपएररचं बघू. फॉर ऑफला समोरच्या वस्तूकडे सिंबॉल डॉट इटरेटर नावाची मेथड लागते. ॲरे, स्ट्रिंग, मॅप, सेट यांच्याकडे ती असते, साध्या ऑब्जेक्टकडे नसते. म्हणून ऑब्जेक्टमधून आधी ॲरे काढायचा आणि त्या ॲरेवर फॉर ऑफ फिरवायचा. ऑब्जेक्ट डॉट कीज हे २००९ च्या ईएस५ पासून आहे (ईएस म्हणजे जावास्क्रिप्टच्या मानकाची आवृत्ती), नुसत्या कीज देतं. ऑब्जेक्ट डॉट व्हॅल्यूज आणि ऑब्जेक्ट डॉट एंट्रीज दोन्ही ईएस२०१७ मध्ये आली. एंट्रीजमधून दोन-दोन खणांचे छोटे ॲरे मिळतात, पहिल्या खणात की आणि दुसऱ्यात व्हॅल्यू.

मी स्वतः बहुतेक वेळा हे लिहितो: फॉर, मग कंसात कॉन्स्ट, चौकोनी कंसात रोल स्वल्पविराम मार्क, पुढे ऑफ आणि ऑब्जेक्ट डॉट एंट्रीज ऑफ निकाल, म्हणजे निकाल हा तुमचा ऑब्जेक्ट एंट्रीजच्या कंसात जाईल. चौकोनी कंसामुळे जोडी तिथल्या तिथे सुटते, दोघांना नावं मिळतात आणि आतल्या कोडमध्ये शून्य-एक असे इंडेक्स लिहावे लागत नाहीत, सहा महिन्यांनी परत फाइल उघडली तरी वाचता येतं.

हळू म्हणाल तर एंट्रीज प्रत्येक जोडीसाठी नवा ॲरे बनवतं हे खरंय, पण साठ जोड्यांना त्याचा विचारसुद्धा करू नका. लाखो कीज असतील आणि तोच कोड सारखा सारखा चालत असेल तर मोजून बघायचं, त्याआधी नाही.

क्रमाचं मात्र लूपमुळे होत नसावं असं वाटतंय, इथले जुने लोक सांगतील.

रात्रपाळी
लूपचा काही दोष नाही, चाललेल्या तिन्ही प्रकारांनी तुम्हाला एकच उत्तर मिळालं ते याचमुळे. ऑब्जेक्टने क्रम आधीच ठरवून टाकलाय.

नियम असा आहे. पूर्णांकासारख्या दिसणाऱ्या कीज सगळ्यात आधी येतात आणि त्या चढत्या क्रमाने येतात, तुम्ही टाकताना कुठल्याही क्रमाने टाका. त्यांच्यामागून बाकीच्या स्ट्रिंग कीज, त्या मात्र टाकल्या त्याच क्रमाने. सगळ्यात शेवटी सिंबॉल, म्हणजे स्ट्रिंग नसलेल्या खास कीज, पण ते फॉर इनमध्ये आणि कीज-एंट्रीजमध्ये दिसतच नाहीत, ते बघायचे तर रिफ्लेक्ट डॉट ओनकीज लागतं. हा नियम ईएस२०१५ मध्ये स्पेसिफिकेशनमध्ये आला, पण तेव्हा ऑब्जेक्ट डॉट कीज आणि फॉर इनला तो बंधनकारक नव्हता, इंजिनं आपापल्या मनाने पाळत होती. त्यांच्यासाठी क्रम कागदावर आला तो ईएस२०२० मध्ये.

आता पूर्णांकासारखी म्हणजे काय तेही नीट बघा, बरेच जण इथेच फसतात. की शेवटी स्ट्रिंगच असते, पण ती स्ट्रिंग ७ अशी असली तर ती पूर्णांकात धरली जाते. ०७ धरली जात नाही, उणे १ धरली जात नाही, १.५ धरली जात नाही. आणि वरची मर्यादा आहे ४२९४९६७२९४, त्यापुढचे आकडे साध्या स्ट्रिंगसारखे टाकल्या क्रमाने राहतात, त्यामुळे एकाच ऑब्जेक्टमध्ये छोटे आणि खूप लांब आयडी मिसळलेले असले तर काही वर सरकतात आणि काही जागेवर राहतात आणि माणूस डोकं धरून बसतो. (मी इथे अंक देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये ते इंग्रजीच समजा. खरोखर देवनागरी ७ की म्हणून टाकलात तर तो जावास्क्रिप्टला आकडा वाटतच नाही, साधं अक्षर म्हणून टाकल्या जागी राहतो.)

तुमचे रोल नंबर सगळे पहिल्या गटात बसतात, म्हणून ७, २३, १०५.

सुटसुटीत
मग मॅप वापरा ना. मॅपमध्ये की आकडा असो वा काही असो, टाकल्याच क्रमाने राहते, फॉर ऑफ थेट चालतो, किती नोंदी आहेत ते साइजने कळतं. न्यू मॅप आणि त्याच्या कंसात ऑब्जेक्ट डॉट एंट्रीज, झालं काम.

नवी_पाटी
रात्रपाळी, खूप आभार, पहिल्यांदाच हे इतकं स्पष्ट कळलं. सुटसुटीत, आत्ताच करून बघितलं, मॅप झाला पण त्यातही ७ च पहिला आहे. माझं काही चुकतंय का?

रात्रपाळी
तुमचं नाही चुकत. मॅपचा सल्ला चांगला आहे पण इथे उशीर झालेला असतो. सर्व्हरकडून येतो तो नुसता मजकूर, त्यात १०५ खरंच पहिला असतो. तुम्ही रिस्पॉन्सवर जेसन मेथड मारली किंवा जेसन डॉट पार्स केलं की त्या क्षणी ऑब्जेक्ट तयार होतो आणि त्याच क्षणी क्रम जातो. त्यानंतर एंट्रीज काढल्या तर त्या बदललेल्या क्रमाच्या, आणि मॅपने त्या इमानाने तशाच ठेवल्या.

डोळ्यांनी बघायचं असेल तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट उघडून रिस्पॉन्स बघा, तिथे मूळ मजकूर दिसेल, १०५ वर. कन्सोलमध्ये ऑब्जेक्ट उलगडून क्रम तपासायला जाऊ नका, क्रोम उलगडताना कीज स्वतः लावून दाखवतो, त्यामुळे तिथे दिसलेला क्रम हा पुरावा नाही.

दुसरी_ओळ
यात मला मूळ दुखणं वेगळंच वाटतं. ऑब्जेक्ट हा नावाने शोधायसाठी आहे. २३ नंबरला किती मार्क, असं विचारलं की लगेच उत्तर, यासाठी तो उत्तम. पण पहिला कोण, दुसरा कोण, हीच जर माहिती असेल तर ती ॲरेमध्ये पाहिजे. जेसनच्या आरएफसी ८२५९ या मानक दस्तऐवजामध्येही ऑब्जेक्टची व्याख्या विनाक्रम संच अशीच आहे आणि ॲरेची क्रमवार यादी अशी. म्हणजे सर्व्हरवाल्याने ऑब्जेक्टमध्ये क्रम भरून पाठवला तेव्हाच तो रस्त्यात सांडायची सोय झाली, मध्ये दुसऱ्या भाषेतली एखादी सर्व्हिस असती तर तिनेही कदाचित हलवला असता.

त्याला सांगा ॲरे पाठव, प्रत्येक घटक एक छोटा ऑब्जेक्ट, त्यात रोल आणि मार्क. मग तुम्हाला फॉर ऑफ सरळ चालेल, हा धागासुद्धा लागला नसता.

नवी_पाटी
सांगून बघते, पण तो आठवडाभर दुसऱ्या कामात आहे. तोपर्यंत माझ्या बाजूने काय करू?

दुसरी_ओळ
तोपर्यंत तुम्हीच सॉर्ट करा, मार्क तर तुमच्याकडे आहेतच. ऑब्जेक्ट डॉट एंट्रीज, त्यावर सॉर्ट, आणि सॉर्टला तुलना करणारं फंक्शन द्यायचं: अ आणि ब घे, ब च्या इंडेक्स १ मधून अ च्या इंडेक्स १ वजा कर. फंक्शन न देता नुसतं सॉर्ट म्हटलंत तर तो सगळ्याची स्ट्रिंग करून तुलना करतो, मग जोडीची स्ट्रिंग रोल नंबरापासून सुरू होते आणि १०५ नंतर २३ आणि त्यानंतर ७ असं येईल, तुमच्या या तीन ओळींत तर ते योगायोगाने बरोबर दिसेल आणि बाकीचे सत्तावन्न चुकलेले असतील.

एक चांगली गोष्ट फुकटात मिळते. ईएस२०१९ पासून सॉर्ट स्थिर असलाच पाहिजे असं आहे, म्हणजे दोघांचे मार्क सारखे असले तर त्यांचा आपापसातला आधीचा क्रम टिकतो. एंट्रीज तुम्हाला रोल नंबरच्या चढत्या क्रमाने मिळालेत, त्यामुळे समान मार्कवाले आपोआप रोल नंबरप्रमाणे लागतील, वेगळं काही लिहायला नको.

टाचणी
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. ऑब्जेक्टला यादीसारखं वापरल्यामुळे माझेही दोन दिवस गेले होते, पण माझा प्रकार वेगळा. एका मोठ्या मजकुरात कुठला शब्द किती वेळा आला ते मोजत होते. साधा रिकामा ऑब्जेक्ट, शब्द ही की, आधीची संख्या असेल तर ती नाहीतर शून्य, अधिक एक. मजकूर प्रोग्रॅमिंगवरचा इंग्रजी होता. सगळ्या शब्दांचे आकडे बरोबर आणि कन्स्ट्रक्टर या एका शब्दापुढे फंक्शन ऑब्जेक्ट नेटिव्ह कोड असलं काहीतरी लांबलचक आणि शेवटी एक एक एक एक.

कारण रिकामा ऑब्जेक्टसुद्धा पूर्ण रिकामा नसतो. त्याच्यामागे प्रोटोटाइप, म्हणजे ज्याच्याकडून तो गुण उसने घेतो असा दुसरा ऑब्जेक्ट, असतो आणि तिथे कन्स्ट्रक्टर, टूस्ट्रिंग, व्हॅल्यूऑफ अशी नावं आधीपासून बसलेली असतात. मी कन्स्ट्रक्टर की मागितली तेव्हा शून्याऐवजी मागचं फंक्शन हाती आलं आणि त्याला एक जोडल्यावर सगळं स्ट्रिंग झालं. गंमत म्हणजे लूपमध्ये याचा मागमूस लागत नाही कारण ती नावं एन्युमरेबल नाहीत, म्हणजे लूपला दिसत नाहीत, पण थेट मागितली की मिळतात.

तेव्हापासून मोजणीसाठी मॅप. किंवा ऑब्जेक्टच हवा असेल तर ऑब्जेक्ट डॉट क्रिएट नल, त्याच्यामागे काहीच नसतं.

रिकामा_कंस
टाचणी यांनी प्रोटोटाइपचा विषय काढला ते बरं झालं, फॉर इन वापरू नका असं लोक का सांगतात त्याचं उत्तर तिथेच आहे. कीज, व्हॅल्यूज, एंट्रीज फक्त ऑब्जेक्टच्या स्वतःच्या की देतात. फॉर इन मात्र प्रोटोटाइपच्या साखळीत वरपर्यंत चढत जातो आणि तिथे जे एन्युमरेबल सापडेल तेही देतो.

आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी सोयीसाठी ऑब्जेक्ट डॉट प्रोटोटाइपवर स्वतःचं एक फंक्शन साध्या बरोबरच्या चिन्हाने चिकटवून ठेवलं होतं. तसं चिकटवलेलं एन्युमरेबल होतं. परिणाम असा की पूर्ण ॲप्लिकेशनमध्ये जिथे जिथे फॉर इन होता तिथे प्रत्येक यादीच्या शेवटी एक जास्तीची ओळ, तिचं नाव त्या फंक्शनचं. रिपोर्टमध्ये, ड्रॉपडाउनमध्ये, सगळीकडे. एकेका स्क्रीनवर शोधत बसलो होतो आम्ही, आणि मूळ एका भलत्याच फाइलमधल्या एका ओळीत निघालं.

जुन्या कोडमध्ये फॉर इनच्या आत हॅजओनप्रॉपर्टी असा इफ दिसतो तो यासाठीच. पण तोही ऑब्जेक्टवरची मेथड म्हणून बोलावला तर क्रिएट नलने बनवलेल्या ऑब्जेक्टवर फुटतो, कारण ती मेथडही प्रोटोटाइपवरूनच येते. ईएस२०२४ मधलं ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय असाच प्रोटोटाइप नसलेला ऑब्जेक्ट परत देतं, तिथेही हेच होणार. ईएस२०२२ पासून ऑब्जेक्ट डॉट हॅजओन आहे, त्यात ऑब्जेक्ट आणि की द्यायची, ते सगळीकडे चालतं.

नवी_पाटी
म्हणजे मी क्लास लिहून त्याचा ऑब्जेक्ट केला तर फॉर इनमध्ये त्याच्या मेथड्स पण येतील का?

रिकामा_कंस
नाही, क्लासमध्ये लिहिलेल्या मेथड एन्युमरेबल नसतात. जुन्या पद्धतीने फंक्शनच्या प्रोटोटाइपवर हाताने लावलेल्या येतात. उलट दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, क्लासमध्ये गेटर लिहिला, समजा टक्केवारी काढणारा, तर तो एंट्रीजमध्ये दिसणार नाही, कारण तो ऑब्जेक्टवर नसून प्रोटोटाइपवर असतो. ऑब्जेक्ट डॉट टक्केवारी म्हटलं तर आकडा मिळतो आणि लूपमध्ये मात्र गायब, हा प्रश्न मला ऑफिसमध्ये नवीन मुलं नेहमी विचारतात. हॅशने सुरू होणारी प्रायव्हेट फील्डही कुठल्याच लूपमध्ये येत नाहीत.

पहिला_पाऊस
माझाही एक प्रश्न इथेच विचारतो. एंट्रीजवर फॉरईच लावून आत अवेट केलं, प्रत्येक की साठी सर्व्हरला एक कॉल. लूपनंतर लगेच सगळं झालं असा मेसेज दाखवतो तर मेसेज आधी येतो आणि कॉल नंतर पूर्ण होतात. फॉरईच थांबत का नाही?

दुसरी_ओळ
कारण फॉरईच तुमच्या फंक्शनने काय परत दिलं ते बघतच नाही. असिंक फंक्शन प्रॉमिस, म्हणजे काम नंतर पूर्ण होईल याची पावती, देतं, फॉरईच ते टाकून देतं आणि पुढच्या घटकाकडे जातं. तुमचं अवेट त्या आतल्या फंक्शनपुरतंच थांबवतं, बाहेरचा कोड मोकळा असतो. फॉर ऑफ लिहा, त्यात अवेट केलं की लूप खरंच तिथे थांबतो, एक कॉल झाला की दुसरा. सगळे एकदम जाऊ दे असं असेल तर मॅप मेथडने प्रॉमिसचा ॲरे करा (हा ॲरेवरचा मॅप, वरचा न्यू मॅप नव्हे, नावामुळे घोळ होतो) आणि प्रॉमिस डॉट ऑलवर अवेट.

फॉरईचमधून ब्रेकही करता येत नाही, रिटर्न केलं तर तेवढा एक घटक सुटतो आणि पुढचे चालूच राहतात. या दोन कारणांसाठी मी ऑब्जेक्टवर फॉरईच लिहिणंच सोडलंय.

सुटसुटीत
मॅपचा माझा सल्ला इथे लागू पडला नाही हे पटलं, रात्रपाळी, थँक्स. भरपाई म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो. लोडॅश ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरत असाल तर त्याचा फॉरईच ऑब्जेक्टवरही चालतो, पण ऑब्जेक्टमध्ये लेंग्थ नावाची की असली आणि तिची व्हॅल्यू आकडा असली तर तो त्याला ॲरे समजतो. मी वस्तूंची मापं फिरवत होतो, लेंग्थ २०, विड्थ १०, तर लूप वीस वेळा फिरला आणि प्रत्येक वेळी अनडिफाइंड. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की अशा ऑब्जेक्टला फॉरओन किंवा फॉरइन वापरा. साध्या ऑब्जेक्ट डॉट एंट्रीजला ही अडचण नाही, लेंग्थ ही त्याच्यासाठी एक की, बस.

टाचणी
आणि सर्व्हरने कधी नल पाठवलं तर? एंट्रीजला नल किंवा अनडिफाइंड दिलं की टाइपएरर येतो. फॉर इन मात्र नलवर काही न बोलता शून्य वेळा फिरतो. मला एरर आलेला परवडतो, कारण रिकामं टेबल बघून डेटाच नाही असं समजून लोक निघून जातात. नल येणं जर खरंच चालण्यासारखं असेल तर एंट्रीजच्या कंसात निकाल, मग दोन प्रश्नचिन्हं आणि रिकामा ऑब्जेक्ट, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळतं की हे विचार करून लिहिलंय.

पहिला_पाऊस
फॉर ऑफ करून बघितलं, मेसेज आता शेवटी येतोय. आभारी आहे.

नवी_पाटी
सगळ्यांचे मनापासून आभार, आज झालं एकदाचं. एंट्रीज, त्यावर मार्कांचा सॉर्ट, मग फॉर ऑफ, आणि टेबलात १०५ वर आला. समान मार्कवाले तीन जण आहेत ते दुसरी_ओळ म्हणाले तसे रोल नंबरनेच लागलेत. नेटवर्क टॅबमध्ये जाऊन मूळ मजकूर पण बघितला, तिथे १०५ पहिला आणि माझ्या व्हेरिएबलमध्ये ७ पहिला, हे शेजारी शेजारी बघितल्यावर विषय डोक्यात पक्का बसला.

सर्व्हरच्या मुलाला मेसेज केला होता, तो म्हणाला ॲरे पाठवायला त्याला दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत, सोमवारी करतो. मग एकच शेवटचं विचारते, ॲरे यायला लागल्यावर २३ चे मार्क पटकन काढायचे असतील तर दर वेळी पूर्ण ॲरेत शोधायचं का?

रात्रपाळी
एकदाच शोधायचं असेल तर ॲरेवर फाइंड मारा, साठात काही वेळ जात नाही. सारखं लागणार असेल तर ॲरे हातात आल्या आल्या त्यावर मॅप मेथड लावून रोल आणि मार्क अशा जोड्या करा आणि त्या न्यू मॅपला द्या. दाखवायला ॲरे, शोधायला मॅप, दोन्ही ठेवा. आणि आता सुटसुटीत यांचा मॅप क्रमही बरोबर ठेवेल, कारण त्याला जोड्याच नीट लागलेल्या मिळतील. फक्त गेट करताना रोल नंबर आकडा आहे का स्ट्रिंग ते बघा. ऑब्जेक्टमध्ये दोन्ही चालायचं कारण की ची स्ट्रिंगच व्हायची, मॅपला आकडा २३ आणि स्ट्रिंग २३ या दोन वेगळ्या कीज आहेत.